अंबूबाईंचं ऐकणं

"आता 'आ' म्हणा, काका. लांब. आऽऽ."

नारायणरावांनी तोंड उघडलं. दवाखान्यात गिळण्या-बोलण्याचे आणि कानांचे उपचार करणाऱ्या मंजुश्री मॅडमनी हातातला चमचा खाली ठेवला, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि मग खाटेच्या पलीकडे उभ्या असलेल्या अंबूबाईंकडे पाहिलं.

"ऐकलंत, काकू? आवाज साफ आहे. म्हणजे घास नीट खाली उतरला. घशात पाणी असल्यासारखी घरघर आली, की समजायचं, अन्न वाट चुकून श्वासनळीच्या तोंडाशी गेलंय. मग पुढचा चमचा द्यायचा नाही. प्रत्येक घासानंतर 'आ' म्हणायला लावायचं आणि ऐकायचं. जमेल ना? आत्ता ऐकू आलं ना?"

"हाव," अंबूबाई म्हणाल्या. "आलं ना."

त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. नवऱ्याचं तोंड उघडलेलं आणि मिटलेलं तेवढं दिसलं होतं. मॅडमच्या ओठांवरून 'साफ', 'घरघर', 'चमचा' असे दोन-चार शब्द वेचून त्यांनी बाकीचं आपल्या मनानं भरून घेतलं होतं. गेली कितीतरी वर्षं त्या असंच करत आल्या होत्या. समोरच्याचा चेहरा हसरा असला की हसायचं, गंभीर असला की मान हलवायची. सहसा भागून जायचं.

नारायणराव आतापर्यंत आजारी असे कधी पडलेच नव्हते. वरवट बकालच्या सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते, पण रोज सकाळी कुलूप उघडायला तेच जायचे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी वर्तमानपत्रं काठीला लावता लावता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्या दुकानातले फारुख टेलर धावत आले आणि त्यांनीच गाडी करून त्यांना खामगावच्या दवाखान्यात पोचवलं. मेंदूच्या देठापाशी रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, शुद्ध राहिली, समज तर अगदी पहिल्यासारखी. पण उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली आणि गिळता येईना. पाण्याचा घोटसुद्धा खाली जाईना. नाकातून नळी घातली. तिच्यातून दूध आणि पेज पोटात जायची, आणि जीभ मात्र दिवस दिवस कोरडी राहायची.

घरी सोडताना मंजुश्री मॅडमनी दोन गोष्टी दिल्या. एक गिळण्याचा सराव: सकाळी तीन चमचे, संध्याकाळी तीन चमचे घट्ट पेज, हनुवटी छातीकडे, एका घासाला दोनदा गिळायचं, मग 'आ'. पाणी तोंडानं मुळीच नाही. ते पातळ असतं, घसा आवळायच्या आत खाली घसरतं. दुसरी गोष्ट एक पाटी. तिच्या एका बाजूला चित्रं होती: पाण्याचा पेला, खाट, पोट, डोकं. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत बाराखडी. डाव्या हाताचं बोट अक्षरांवर ठेवत ठेवत नारायणराव शब्द जुळवायचे. एका शब्दाला कधी कधी पाच मिनिटं लागायची.

मुलगा शेखर अकोल्याला नोकरीला होता. त्याची रजा संपली होती.

"माय, जमन ना तुले हे सारं?" निघताना त्यानं विचारलं.

"जमन. त्यात काय हाये?"

पंधरा दिवस खरंच जमलं. रोज पेजेचा चमचा देऊन झाला की अंबूबाई "आ म्हणा" म्हणायच्या, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या, चेहरा शांत दिसला की पुढचा चमचा. ऐकण्याचं काम त्यांनी डोळ्यांवर सोपवलं होतं.

माघातली ती दुपार मात्र वाईट निघाली. ऊन चढलं होतं. नारायणरावांनी पाटी मागून घेतली आणि पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं. अंबूबाईंनी मान हलवली. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. चौथ्यांदा त्यांनी ते चित्र बोटानं ठोकलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसानं चाळीस वर्षांच्या संसारात वाढलेल्या ताटातलं मीठसुद्धा कधी मागून घेतलं नव्हतं, तो घोटभर पाण्यासाठी रडत होता. अंबूबाई उठल्या. चार चमचे द्यायचं ठरवून वाटीत पाणी घेऊन बसल्या. चौथ्या चमच्यालाही ठसका आला नाही, चेहरा निवलेला दिसला, म्हणून त्यांनी अर्धी वाटी पाजली. ठसका यायची ताकदच त्या घशात उरली नव्हती, हे त्यांना कळलं नाही.

तेवढ्यात शेजारची रुबिना पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"काकू! काय पाजलं काकाले?"

"पाणी. जराकसं. काऊन वं?"

"अवो, घसा केवढा वाजून राह्यला त्याइचा! भिताडाच्या पल्याड मले आयकू आलं!" रुबिना खाटेजवळ वाकली आणि मग वळून अंबूबाईंकडे बघतच राहिली. "तुमी तं इथंच बसल्या व्हत्या ना काकू. तुमाले नाही आलं आयकू?"

अंबूबाईंनी चमचा खाली ठेवला. वाटी हातात धरून त्या उठून उभ्या राहिल्या.

संध्याकाळपर्यंत नारायणरावांचं अंग तव्यासारखं तापलं. पाणी छातीत उतरलं होतं. पुन्हा खामगाव, पुन्हा सलाईन आणि नऊ दिवस. पहिले तीन दिवस जगतील की नाही हेही डॉक्टरांना सांगता येईना. शेखर अकोल्याहून आला. रुबिनाकडून त्याला सगळं कळलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं आईला बाकावर बसवलं आणि तिच्या पुढ्यात उभं राहून विचारलं,

"माय, खरं सांग. तुले आयकू येते का नाही?"

अंबूबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"सांगितलं काऊन नाही मंग? बाबाचा जीव गेला असता ना!" त्याचा आवाज फाटला. मग तो खाली बसला आणि सावकाश म्हणाला, "मी बाबाले अकोल्याले नेतो. तिथं बाई ठेवू त्याइच्यासाठी. तुयाच्यानं नाही होत हे."

हे मात्र त्यांना सगळंच्या सगळं कळलं. ओठ वाचायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न सांगता त्या मंजुश्री मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, मी खोटं बोलली. तुमी त्या दिवशी आवाज आयकवला ना, मले नाही आला. एकबी दिवस नाही आला. माये कान पाहा."

मॅडमनी त्यांना जाड दाराच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. बारीकसाही आवाज आला की दाबायचं. अंबूबाईंनी काचेतून मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत बघत बटण दाबलं. मॅडम उठून आत आल्या. हसत होत्या.

"काकू, मी अजून आवाज सोडलाच नव्हता."

अंबूबाईंनाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. मग त्या डोळे मिटून बसल्या आणि पहिल्यांदाच, कुणाच्याही तोंडाकडे न बघता, जे ऐकू येईल तेवढंच ऐकू लागल्या. ते फार थोडं होतं.

तपासणी झाल्यावर मॅडम कानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती घेऊन नारायणरावांच्या खाटेशी आल्या. दोघांनाही एकदमच समजावून सांगते म्हणाल्या. शेखरही तिथंच होता. त्यांनी एकेक भाग काढून दाखवला. बाहेरची नळी, तिच्या टोकाला पडदा, पडद्यामागं तांदळाच्या दाण्याएवढी तीन हाडं, आणि सगळ्यात आत गोगलगायीच्या पाठीवर असतो तसा शंख.

"पडदा चांगला आहे. हाडं चांगली आहेत. या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात, आवाज त्या पकडतात. त्या गेल्यात. तुम्ही कुठं मोठ्या आवाजाच्या ठिकाणी काम करायच्या का?"

"जिनिंगमधी. बावीस वर्सं. दिवाळी झाली का फागनापर्यंत."

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची लांबच लांब रांग अंबूबाईंच्या डोळ्यांसमोर आली. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटेपासून तो खडखडाट सुरू व्हायचा. बायका एकमेकींशी हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलायच्या, हसायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या, आणि त्या गोंगाटात एकही शब्द न ऐकता सगळ्यांना सगळं कळायचं. केसांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू बसायचे. घरी जाताना सगळ्या म्हाताऱ्या दिसायच्या. किती मजेचे दिवस होते ते! कापसाच्या डोंगराशेजारी उभ्या राहून बावीस वर्षं काम केलं, पण कानात कापसाचा बोळा घालायचं कुणालाच सुचलं नाही.

"गारपिटीत गहू झोपते, तसं झालं म्हना," त्या म्हणाल्या.

"अगदी तसंच. पण गहू एखाद्या वेळी उठतो, काकू. या पेशी पुन्हा उठत नाहीत. जे उरलंय ते यंत्र लावून वापरायचं. यात आधी बारीक आवाज जातात. माणूस बोलतोय हे कळतं, पण 'प' म्हणाला का 'व', 'स' म्हणाला का 'त', तेच कळत नाही. कधीपासून होतंय असं?"

"झाले असतीन दोन-चार वर्सं."

खाटेवरून पाटी वाजली. नारायणराव डाव्या हातानं ती ठोकत होते. शेखरनं ती त्यांच्यापुढे धरली. त्यांचं बोट सावकाश एका अक्षरावर गेलं, थांबलं, दुसऱ्यावर गेलं. शेखर मोठ्यानं वाचत होता.

"प... रा... त. परात? परात पाहिजे का बाबा? कायले?"

मॅडमनाही काही कळेना. पण अंबूबाईंनी पाटीवर ते बोट फिरताना पाहिलं होतं, आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

चोवीस वर्षांपूर्वी थोरल्या जावेच्या पोरीचं लग्न होतं. मांडवात बायकांची गर्दी होती. जाऊबाई आतून ओरडल्या, "अंबू, परात आण!" अंबूबाईंना ऐकू आलं, वरात आली. त्या आरतीचं ताट घेऊन धावत दारात गेल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. मागं वळल्या तर अख्खा मांडव हसत होता. "भयरी हाये का वं?" जाऊबाई म्हणाल्या, आणि मग त्या लग्नात चार दिवस त्यांचं नावच भयरी पडलं. घरी येईपर्यंत अंबूबाई बैलगाडीत तोंड फिरवून रडत होत्या. त्यानंतर वर्षभर त्या कुठल्याच कार्याला गेल्या नाहीत.

आणि त्या लग्नाहून परत आल्यावरच नारायणरावांनी संध्याकाळी ओट्यावर बसून पुस्तक वाचायला सुरुवात केली होती.

आळीतल्या कुणालाही विचारा, ते वाचन सगळ्यांना आठवतं. दिवेलागण झाली की वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन नारायणराव ओट्यावर बसायचे आणि खणखणीत आवाजात वाचायचे. राजेरजवाड्यांच्या गोष्टी, प्रवासवर्णनं, समुद्रावरच्या कादंबऱ्या. रुबिनाची सासू समोरच्या दारात गोधडीचे टाके घालता घालता ऐकायची आणि मध्येच हाक मारायची, "जरा ठहरो भाऊ, दूध उतरवून येतो मी!" मग आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाचन थांबायचं. कुणाचा नायक तुरुंगात असेल तर दुसऱ्या दिवशी पाणी भरताना बायका त्याची काळजी करायच्या. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नाही अशा माणसांची शंभरेक पुस्तकं वाचून झाली.

नारायणराव घरात बोलायचेही तसंच मोठ्यानं. नवीन माणसाला वाटायचं, भांडण चालू आहे. वाचनालयात तर ते बोटानं खुणावायचे, कुजबुजायचे. 'शांतता राखा' ही भिंतीवरची अक्षरं त्यांनी स्वतः रंगवली होती. फारुख टेलर थट्टा करायचे, "नारायणभाऊ दिवसभरचा आवाज साचवून ठेवतात अन् घरी जाऊन सांडतात." अंबूबाईंनाही तेच खरं वाटायचं. दिवसभर गप्प बसणारा माणूस, घरी आला की मोकळा होतो.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं रोज वाजायचं. ओट्यावरचा दिवा नारायणरावांनी खांबाच्या अशा बाजूला लावून घेतला होता की उजेड पुस्तकावर पडायचाच नाही, सगळा तोंडावर यायचा. "डोळे फोडून घ्या," अंबूबाई करवादायच्या. "वाचाले बसता अन् उजेड थोबाडावर घेता!" ते नुसते हसायचे आणि डोळे बारीक करून वाचत राहायचे. वाचून वाचून घसा बसायचा. मग दोन दिवस ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून फिरायचे, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज.

उजेड ओठांवर पडावा म्हणून होता तो.

दवाखान्याच्या खाटेची लोखंडी पट्टी धरून अंबूबाई उभ्या होत्या. आजूबाजूला कोण आहे याचं भान त्यांना राहिलं नाही.

"तुमाले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "तवापासून ठाऊक व्हतं. मंग मले सांगितलं काऊन नाही?"

नारायणरावांचं बोट पुन्हा पाटीवर फिरलं. या वेळी शेखरनं मोठ्यानं वाचलं नाही. अंबूबाईंनीच एकेक अक्षर जुळवलं. चौथीपर्यंतची त्यांची शाळा तेवढ्याला पुरली.

रडली होती.

एवढं लिहून त्यांनी हात खाली घेतला. ते दमले होते.

शेखरनं पाटी उचलून बाजूला ठेवली. मग तो आईसमोर आला आणि तिला ओठ दिसतील असा वळून म्हणाला, "एक महिना. एक महिना पाहू, माय."

अंबूबाईंच्या कानामागं यंत्र बसलं. मॅडमनी बजावून सांगितलं होतं: कानात तेल नाही, काडी नाही, आंघोळीला यंत्र काढून ठेवायचं, आणि सुरुवातीला दिवसातून एकच तास. तो एक तासही अंबूबाईंना नको व्हायचा. भांडी अंगावर येऊन आदळत होती. नळाचं पाणी पत्र्यावर दगड पडल्यासारखं पडत होतं. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून त्या दोनदा मागं वळल्या, कोण येतंय म्हणून. जेवताना भाकरी चावली की डोक्यात गिरणी सुरू व्हायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र काढून डबीत टाकलं आणि डबी फडताळात ठेवली.

मग खाटेकडे पाहिलं. नारायणराव त्यांच्याकडेच बघत होते. अंबूबाईंनी फडताळ उघडलं.

त्या संध्याकाळी त्यांनी यंत्र लावून पहिल्यांदा चमचा दिला. हनुवटी खाली. एक घोट, पुन्हा एक कोरडा घोट. "आता आ म्हणा." त्या इतक्या जवळ वाकल्या की त्यांचा श्वास गालाला लागत होता.

आवाज आला. जुन्या वहीचं पान उलटावं तेवढाच होता. अख्ख्या आळीला पुरणाऱ्या त्या आवाजातलं एवढंच शिल्लक राहिलं होतं. त्या क्षणी अंबूबाईंना वाटलं, हे ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांच्या मनात तोच खणखणीत माणूस राहिला असता. त्यांनी चमचा वाटीत ठेवला, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. मले नीट शिकू द्या."

नारायणरावांनी पुन्हा म्हटलं.

शिकायला वीस दिवस लागले. साफ आवाज कसा, घरघर कशी, नुसती थुंकी अडकली तर कसा, माणूस दमला असला तर कसा. रुबिना रोज येऊन शेजारी बसायची. अंबूबाई आधी सांगायच्या, "साफ हाये." रुबिना ऐकून मान हलवायची. एकदा उलट झालं. रुबिना म्हणाली साफ आहे, आणि अंबूबाई म्हणाल्या, "नाही वं. तळाशी बारीकशी घरघर हाये." त्यांनी नारायणरावांना पुढं वाकवलं, पाठीवर थोपटलं, खाकरायला लावलं. थोडी पेज बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून रुबिना आपली कामं उरकायला घरीच थांबली.

चैत्र संपता संपता मंजुश्री मॅडमनी तपासून नाकातली नळी काढली. वाचा परत येणार नाही हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पाणी आणि चहा अजून घट्ट करूनच द्यायचा. अन्न मऊ आणि गाळलेलं. दर घासाला ऐकायचं, हे आता जन्मभराचं. अकोल्याचा विषय शेखरनं पुन्हा काढला नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो बायको अर्पिता आणि मुलगी वैष्णवीला घेऊन आला. अंबूबाईंनी आमरस केला. मॅडमला विचारूनच केला: पाणी न घालता, दोनदा गाळून, एकही तंतू राहू न देता. पितरांचं पान ठेवून झालं आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा नारायणराव घरच्यांच्या पंगतीला बसले. खुर्चीत, पाठीला दोन उशा लावून. समोर त्यांची वाटी.

घर माणसांनी भरलं होतं. वैष्णवी शाळेतलं काहीतरी सांगत होती, शेखर तिला चिडवत होता, अर्पिता कुरडया वाढत होती, टीव्ही चालू होता, वर पंखा खडखडत होता. यंत्रात हे सगळं एकात एक मिसळून नुसता कल्लोळ होत होता. अंबूबाईंनी चमचा नारायणरावांच्या ओठांशी नेला आणि थांबल्या. मग त्यांनी दुसरा हात वर केला.

"जरा थांबा सारे जन," त्या म्हणाल्या. "मले कमी आयकू येते. जेवताना बोलू नोका. मले त्याइचं आयकू द्या."

शेखरनं उठून टीव्ही बंद केला. अर्पितानं क्षणभर वर पाहिलं आणि वैशाखाचं ऊन असूनही पंख्याचं बटण बंद केलं. वैष्णवीनं तोंडाशी नेलेली कुरडई न चावता तशीच हातात धरली.

नारायणरावांनी हनुवटी खाली केली. एकदा गिळलं. पुन्हा एकदा गिळलं. घाम पुसायलाही कुणी हात उचलला नाही. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि अंबूबाई वाकून, डोळे मिटून ऐकू लागल्या.

"साफ हाये," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा चमचा भरला.